हसविणारी

मुंबईहून पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर असा दक्षिणेकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग बेळगाव, हुबळी, बंगळूर मागे टाकून चेन्नईत शिरण्यापूर्वी इरुंगाट्टुकोट्टैपाशी येतो. श्रीपेरुंबुदूरच्या शेजारचे हे खेडे आता नावापुरतेच खेडे राहिले आहे. १९९० साली येथे मोटार-शर्यतींचा मार्ग झाला, पुढे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९९८ मध्ये ह्युंदाईच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. याच रस्त्याने थोडे पुढे, चेंबरंबाक्कमच्या विशाल तलावाच्या बाजूला, एक चित्रनगरी आहे. तेथे चित्रपटांचे आणि दूरचित्रवाणीच्या करमणुकीचे देखावे उभे राहतात व मोडले जातात. एकाच रस्त्यावर यंत्रे जोडणारे कारखाने आणि हसू जोडणारा कारखाना असा हा शेजार आहे.

कारखान्याची पाळी सुटल्यावर माणसाला जे हसू लागते ते फार गुंतागुंतीचे चालत नाही. पाच-सात मिनिटांचा प्रसंग, दोन किंवा तीन पात्रे, एक गैरसमज, एक भांडण आणि शेवटी उडालेली फजिती. मराठीत आज याला सर्रास ‘स्किट’ म्हणतात. तमिळ दूरचित्रवाणीवर असे प्रसंग दिवसभर चालू असतात आणि त्यांतले पुष्कळसे दूरचित्रवाणीसाठी लिहिलेलेच नाहीत. ते जुन्या चित्रपटांतून कापून काढलेले आहेत. या तुकड्यांमध्ये एक चेहरा पुन्हा पुन्हा दिसतो. वाटोळा, मोठ्या डोळ्यांचा, क्षणात भोळा आणि क्षणात बेरकी होणारा तो चेहरा मनोरमा यांचा आहे. तमिळनाडूत त्यांना ‘आच्ची’ म्हणत. (‘सीता और गीता’ या हिंदी चित्रपटातील कजाग चाची झालेल्या मनोरमा त्या वेगळ्या.) त्यांनी आयुष्यभर नाटक-सिनेमा केला, दूरचित्रवाणी मालिकांतही कामे केली; परंतु चित्रपटांतून कापलेल्या या तुकड्यांमुळे त्या आपल्या इच्छेवाचूनच दूरचित्रवाणीच्या हास्यप्रसंगांतील एक अखंड उपस्थिती होऊन बसल्या. विनोद करणाऱ्या स्त्रीचे आयुष्य कसे घडते, आणि तिच्या विनोदावर मालकी कोणाची असते, हे पाहायचे तर त्यांच्याइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण आहे.

तमिळ चित्रपटात विनोद हा कथेत विरघळलेला क्वचितच असे. मूळ कथा एकीकडे आणि विनोदाचा प्रवाह दुसरीकडे, असे दोन समांतर रूळ असत. त्याला तेथे ‘कॉमेडी ट्रॅक’ असेच नाव पडले. हा प्रवाह लिहिणारा लेखकही पुष्कळदा वेगळा असे. १९८९ सालच्या ‘करगाट्टक्कारन’ या चित्रपटात कौंडमणी आणि सेंदिल यांचे केळ्यावरून होणारे जे भांडण तमिळ घराघरांत पाठ आहे, ते विनोदाची बाजू सांभाळणाऱ्या ए. वीरप्पन यांच्या लेखणीतून आले. कथेपासून मुळातच सुटे असल्यामुळे हे प्रसंग कापायला सोपे होते. १९९३ साली सन टीव्ही सुरू झाल्यानंतर खाजगी वाहिन्यांचे युग आले, तेव्हा त्यांच्या हाती तयार हास्यप्रसंगांचे कोठारच लागले. पुढे तर केवळ विनोदाला वाहिलेल्या ‘आदित्य’, ‘सिरिप्पोली’ अशा वाहिन्या निघाल्या. मूळचा चित्रपट कोणता, दिग्दर्शक कोण, हा विनोद कोणी लिहिला, यांपैकी काहीही ठाऊक नसलेली एक पिढी हे तुकडे पाहात वाढली.

या परंपरेच्या उगमापाशी एक जोडपे आहे. एन. एस. कृष्णन आपले विनोद स्वतः रचीत आणि त्यांच्या जोडीला टी. ए. मधुरम असत. पडद्यावर दोघांचे भांडण, पडद्याबाहेर संसार. १९४४ साली लक्ष्मीकांतन खून खटल्यात कृष्णन यांना अटक झाली आणि १९४७ साली त्यांची सुटका होईपर्यंत त्यांच्या नाटकमंडळीवर कर्त्या माणसाचे छत्र उरले नाही. त्या काळात मंडळी तगवून धरण्याचे काम मधुरम यांनी एस. व्ही. सहस्रनामम यांच्या साहाय्याने केले. ‘पैत्तियक्कारन’ हा १९४७ सालचा चित्रपट याच धडपडीतून आला. जोडीतील पुरुष विनोद रचतो आणि स्त्री त्याला साथ करते, ही समजूत तोवर पक्की झाली होती. परंतु संकटकाळी कोणाचे मनगट किती भक्कम होते, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले. इतिहासाने मात्र ‘कलैवाणर’ ही उपाधी कृष्णन यांच्याच नावाशी जोडून ठेवली.

मनोरमा यांना अशी जोडीही लाभली नाही आणि असे छत्रही. त्यांचा जन्म २६ मे १९३७ रोजी मन्नारगुडी येथे झाला; मूळ नाव गोपीशांता. मन्नारगुडी हा तंजावरच्या मराठा राज्याचा मुलूख. सतराव्या शतकाच्या अखेरीस, सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ होण्याच्या दीडशे वर्षे आधी, तंजावरच्या शहाजीराजांनी मराठीत नाटके रचली होती, याची आठवण मराठी वाचकाला येथे होणे स्वाभाविक आहे. परंतु गोपीशांतेच्या वाट्याला राजाश्रयाचा हा वारसा आला नाही. वडिलांनी पत्नीला आणि मुलीला टाकले. लहान मुलीला घेऊन आई चेट्टिनाड भागातील पळ्ळत्तूर या गावी गेली आणि लोकांच्या घरची धुणीभांडी करू लागली. आई आजारी पडली तेव्हा मुलीने शाळा सोडली आणि तीही कामाला लागली. ‘आच्ची’ हे चेट्टिनाडमधील चेट्टियार घराण्यांत प्रतिष्ठित स्त्रीला लावायचे संबोधन. ज्या मुलखात मोलकरणीच्या मुलीला हे संबोधन कोणी लावले नसते, त्याच मुलखाची खूण म्हणून ते पुढे त्यांना चिकटले आणि सगळ्या तमिळनाडूने ते आदराने उच्चारले. यात नियतीचा विनोद आहे, आणि तो कोणा लेखकाने लिहिलेला नाही.

वयाच्या बाराव्या वर्षी त्या नाटकात आल्या. ‘मनोरमा’ हे नाव रंगभूमीने दिले. एस. एस. राजेंद्रन यांच्या मंडळीत त्या वाढल्या. द्रविड चळवळीने नाटक हे राजकारणाचे शस्त्र केले होते तो हा काळ. अण्णादुराई आणि करुणानिधी यांच्याबरोबर त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, पुढे एम. जी. रामचंद्रन, जयललिता आणि आंध्रचे एन. टी. रामाराव यांच्याबरोबर चित्रपटांतून आल्या. पाच मुख्यमंत्र्यांसह अभिनय केलेली नटी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. हे पाचही जण अभिनयाकडून किंवा लेखणीकडून सत्तेकडे गेले. त्यांच्यासमोर उभी राहून लोकांना हसविणारी बाई मात्र जेथे होती तेथेच, पुढच्या पात्राची वेषभूषा चढवीत राहिली.

१९५८ साली कवी कण्णदासन यांनी ‘मालैयिट्ट मंगै’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी मनोरमा यांना विनोदी भूमिका दिली. एकवीस वर्षांच्या नटीला नायिका व्हावेसे वाटत होते. नायिकेचे आयुष्य चार वर्षांचे, विनोदी नटीचे जन्मभराचे, अशा अर्थाचे काही बोलून कण्णदासन यांनी त्यांची समजूत काढली, असे सांगितले जाते. १९६३ साली ‘कोंजुम कुमरी’ या चित्रपटात त्या नायिका झाल्याही. पण प्रेक्षकांनी त्यांची जागा ठरवून टाकली होती. कण्णदासन यांचा सल्ला व्यवहाराच्या कसोटीला उतरला: पुढच्या पिढीतल्या कित्येक नायिका आल्या आणि गेल्या, मनोरमा राहिल्या. ऐंशीच्या दशकात हजारांहून अधिक चित्रपटांत काम केल्याबद्दल गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात त्यांची नोंद झाली.

हा सल्ला शहाणपणाचा होता, पण त्यात एक किंमत दडलेली होती. नायिकेचे सौंदर्य ओसरले की ती पडद्यावरून जाते. विनोदी नटीला राहू दिले जाते, कारण तिला सुंदर मानण्याची अट तिच्यावर कधी घातलेलीच नसते. ती प्रेमात पडली तर ते हसण्याजोगे, सजली तर हसण्याजोगे, रागावली तर अधिकच हसण्याजोगे. या अटी मान्य करून चाळीस-पन्नास वर्षे उभे राहायचे, आणि उभे राहता राहता त्या अटी आतून वाकवायच्या, हे विनोदी नटीचे खरे काम असते.

हे काम कसे चालते, याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. १९६२ सालच्या ‘प्रोफेसर’ या हिंदी चित्रपटात शम्मी कपूर म्हाताऱ्याचे सोंग घेऊन एका घरात शिकवायला येतो आणि घरातील कडक, प्रौढ बाई त्या सोंगाच्या प्रेमात पडते. ती बाई ललिता पवार यांनी केली. ‘नडिगन’ या १९९० सालच्या तमिळ चित्रपटाने हीच कथा घेतली. सत्यराज म्हातारा झाला आणि मनोरमा त्याच्यावर भाळणारी ‘बेबी अम्मा’ झाल्या. प्रसंगाचा ढाचा क्रूर आहे. वय उलटून गेलेल्या स्त्रीला प्रेम वाटणे, हाच त्यातला विनोद. चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने डोळा अधू झाल्यावर नायिकेची वाट बंद झालेल्या ललिताबाई, आणि ती वाट जेमतेम एकदा उघडलेल्या मनोरमा, दोघींनीही ही भूमिका करताना एकच गोष्ट केली. त्यांनी त्या बाईचे प्रेम खरे मानले. आरशासमोर थांबलेला हात, आवाजात नकळत आलेला नाजूकपणा, यांची थट्टा त्यांनी स्वतः केली नाही. ती प्रेक्षकांवर सोपविली. त्यामुळे हसता हसता प्रेक्षक किंचित ओशाळतो. संहितेत ही ओशाळवाणी जागा लिहिलेली नसते. ती नटी निर्माण करते.

म्हणूनच विनोदाचा लेखक कोण, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मनोरमा यांच्या नावावर लेखनाचे श्रेय नाही. पण बोलीचे काय करायचे? तमिळनाडूत दर पन्नास मैलांवर हेल बदलतो. ‘अनुभवी राजा अनुभवी’ या १९६७ सालच्या के. बालचंदर यांच्या चित्रपटात नागेश यांच्या जोडीने त्यांनी तूत्तुक्कुडीकडची बोली उभी केली. (हाच चित्रपट पुढे मेहमूद यांनी हिंदीत ‘दो फूल’ म्हणून आणला, मेहमूद यांच्याच १९७४ सालच्या ‘कुंवारा बाप’मध्ये मनोरमा स्वतः होत्या.) १९६८ सालच्या ‘बोम्मलाट्टम’मध्ये त्यांनी मद्रास शहराच्या झोपडवस्तीतली, तेलुगू-उर्दू-इंग्रजी शब्दांची सरमिसळ झालेली ‘मद्रास बाषै’ गाण्यातून अशी काही झाडली की शहराच्या गल्लीबोळांना आपला आवाज पडद्यावरून परत ऐकू आला. लेखक वाक्य लिहून देतो. त्यातील कोणता शब्द गिळायचा, कोठे नाकात बोलायचे, कोठे शिवीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन मागे फिरायचे, हे कागदावर येत नाही. मराठी नाटकवाले ऐनवेळी घातलेल्या वाक्याला ‘ॲडिशन’ म्हणतात. नटाने घेतलेल्या ॲडिशनवर प्रयोग उभा राहतो, आणि छापील पुस्तकात तिचे नावनिशाणही उरत नाही. स्त्रियांनी केलेले विनोदलेखन शोधायचे असेल तर ते अशा पुसून गेलेल्या जागांतच प्रथम शोधावे लागेल.

‘संसारम अदु मिन्सारम’ या १९८६ सालच्या विसू यांच्या चित्रपटात त्यांनी कण्णम्मा ही मोलकरीण केली. घर मध्यमवर्गीय, भांडणे मध्यमवर्गीय, आणि त्या भांडणांत वाटा नसलेली, पण ती सगळी ऐकणारी एकच व्यक्ती म्हणजे भांडी घासणारी बाई. तमिळ काय, मराठी काय, हास्यप्रसंगांत मोलकरीण हे पात्र हुकमी. ती दांडी मारते, पगार वाढवून मागते, चहाड्या करते. मालकांच्या दृष्टीने लिहिलेल्या विनोदात तिचे काम एवढेच. कण्णम्माने मात्र चेट्टियारांच्या घरी राबलेल्या एका आईची आणि त्या आईबरोबर राबलेल्या मुलीची सगळी माहिती आपल्या तोंडाच्या पट्ट्यात आणली. ती घरातल्या उद्दाम पाहुण्याला गप्प करते तेव्हा प्रेक्षागृहे टाळ्यांनी भरून जात. त्या टाळ्या कोणासाठी होत्या, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी भांडी घासायला बाई येई त्यांना आणि जे स्वतः भांडी घासायला जात त्यांना वेगवेगळे कळले असेल.

त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेचे नाव जिल जिल रमामणी. ए. पी. नागराजन यांचा ‘तिल्लाना मोहनांबाळ’ हा चित्रपट १९६८ सालचा. कोत्तमंगलम सुब्बू यांच्या ‘आनंद विकटन’मधून क्रमशः आलेल्या कादंबरीवर आधारलेला. शिवाजी गणेशन नादस्वरवादक, पद्मिनी नर्तकी. कलेतील दोन मानी जीवांची ही कथा. तिच्यात मध्येच गावोगाव फिरणारी, झगमगीत कपड्यांची, हलक्या प्रतीच्या करमणुकीवर पोट भरणारी रमामणी येते. अभिजात कलेच्या कथेत तिचे स्थान विदूषकाचे. ती आली की प्रेक्षकाने हसायचे, अशी योजना. परंतु मनोरमा यांची रमामणी थोर कलेसमोर उभी राहते तेव्हा तिच्या बडबडीच्या आड एक निखळ नम्रता दिसते. आपण काय आहोत हे तिला ठाऊक आहे आणि समोरचा काय आहे हेही. थोर कलेची पारख त्या कथेतील जमीनदार-संस्थानिकांना नसते. ती तमाशेवजा खेळ करणाऱ्या या बाईला असते. प्रत्यक्षात शिवाजी गणेशन आणि पद्मिनी यांच्यासमोर कामाला उभे राहताना मनोरमा यांची मनःस्थिती फार निराळी नसावी. भूमिका आणि नटी यांच्यातले अंतर मिटले की विनोद अंगाला चिकटतो; तो मग उतरत नाही.

मराठी मुलखात हसविणाऱ्या स्त्रीची वाट आणखी अरुंद होती. तमाशात गण, गौळण, बतावणी, वग असा क्रम असतो. यांतील बतावणी म्हणजे आजच्या स्किटची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. पण बतावणीत बोलतात ते पुरुष. गौळणीतल्या नाचणाऱ्या स्त्रिया असतात, आणि त्यांच्या वतीने कृष्णाशी, पेंद्याशी हुज्जत घालणारी, सगळ्यांत हजरजबाबी ‘मावशी’ मात्र लुगडे नेसलेला पुरुष. स्त्री शरीराने रंगमंचावर आली, पण तिच्या तोंडची चतुर वाक्ये पुरुषाने स्वतःकडे ठेवली. या वाटणीचा परिणाम दीर्घकाळ टिकला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून छोट्या विनोदी नाट्यप्रवेशांची सवय मराठी घरांना लागली. खाजगी वाहिन्यांवर ‘फू बाई फू’, २०१४ ते २०२४ असा दीर्घ काळ चाललेला ‘चला हवा येऊ द्या’, आणि २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी स्किट हा स्वतंत्र धंदाच केला. ‘चला हवा येऊ द्या’च्या मंचावर भाऊ कदम, सागर कारंडे साडी नेसून आले की हशा पिकत असे, म्हणजे मावशी तेथेही हजर होती. त्या पुरुषांच्या घोळक्यात श्रेया बुगडे यांनी नकलेच्या आणि वेळ साधण्याच्या जोरावर आपली जागा केली. पुरुष साडी नेसला की केवळ नेसण्यालाच हसू येते. तेथे खऱ्या स्त्रीला हसू मिळवायला दुप्पट कारागिरी लागते.

विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात या ‘हास्यजत्रे’तून घरोघरी पोहोचलेल्या नटी. त्यांचे काम पाहणाऱ्याला स्किटच्या धंद्याची कठोर बाजूही दिसते. नाटकाला महिनाभर तालीम मिळते. स्किट दर आठवड्याला नवे लागते. पात्र उभे करायला अवधी नसतो, म्हणून ओळखीचे साचे लागतात: भांडखोर बायको, नखरेल शेजारीण, अडाणी मोलकरीण, आणि शरीराने जाड असलेल्या नटीसाठी तिच्या जाडीवरचे चार विनोद. वनिता खरात यांनी ‘कबीर सिंग’ या २०१९ सालच्या हिंदी चित्रपटात मोलकरीण केली. काचेचा पेला फोडून मालकाच्या शिव्या खात पळत सुटणारी. प्रेक्षागृहात त्या प्रसंगाला हशा मिळाला. कण्णम्मा आणि ही मोलकरीण यांच्यामध्ये तेहतीस वर्षे आहेत. पण एकीला तोंड आहे आणि दुसरीला केवळ पाय. फरक नटींच्या गुणांत नाही. कोणाला बोलू द्यायचे हे कोण ठरवतो, त्यात आहे. विशाखा सुभेदार यांनी २०२२ साली ‘हास्यजत्रा’ सोडली आणि ‘कुर्रर्रर्र’ या नाटकाची निर्मिती हाती घेतली, याकडे या दृष्टीने पाहता येईल. नटी निर्माती झाली की निदान काय करायचे याची निवड तिच्याकडे येते.

लेखणीची वाट याहूनही अवघड. मराठी स्किटचे लेखन आजही बहुतांशी पुरुषांच्या हाती आहे. सई परांजपे यांनी १९८० च्या दशकात दूरदर्शनसाठी ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ या मालिका लिहून दिग्दर्शित केल्या, तेव्हा शेजारपाजारच्या साध्या माणसांचा विनोद स्त्रीच्या नजरेतून दिसला. त्या वाटेवर मागून फारशी वर्दळ झाली नाही. परदेशांतही चित्र एकदम निराळे नव्हते. अमेरिकेत १९५० साली सुरू झालेल्या ‘युवर शो ऑफ शोज’ या गाजलेल्या कार्यक्रमाच्या लेखकांच्या खोलीत मेल ब्रुक्स, नील सायमन यांच्यासारख्यांच्या आरडाओरड्यात आपले वाक्य ऐकवायला ल्युसिल कॅलन या लेखिकेला मोठी झुंज द्यावी लागे. स्वतः लिहून स्वतः सादर करणारी व्हिक्टोरिया वुड ब्रिटनमध्ये १९८५ साली बी.बी.सी.वर आपल्या नावाचा हास्यकार्यक्रम घेऊन आली, तेव्हा तिच्या विनोदातल्या स्वयंपाकघरातील, दुकानांतील, रुग्णालयांच्या बाकांवरील बायका साच्यातल्या राहिल्या नाहीत. त्यांच्यावर हसताना त्यांच्यासह हसल्याचा अनुभव प्रेक्षकांना आला. लेखणी आणि तोंड एकाच व्यक्तीचे असले की हा फरक पडतो.

मनोरमा यांना ही संधी मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न निष्फळ आहे, पण तो मनातून जात नाही. पोटासाठी बाराव्या वर्षी रंगमंचावर उभ्या राहिलेल्या मुलीला लिहायला वेळ कोठून मिळणार? लग्न अल्पकाळ टिकले. मुलाला वाढविण्यासाठी पुन्हा आईचाच आधार. हजार चित्रपटांचा विक्रम ही कौतुकाची गोष्ट खरी, परंतु त्या आकड्याची दुसरी बाजू अशी की, विनोदी नटीला एका चित्रपटात थोडेच दिवस काम असे आणि थोडाच मोबदला. घर चालायचे तर चित्रपटांची संख्या वाढवावी लागे. विक्रमाच्या मुळाशी पुष्कळदा अशी साधी गरज असते.

उतारवयात त्यांच्याकडे आईच्या भूमिका आल्या. ‘पुदिय पादै’ या चित्रपटासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘चिन्न तंबी’, ‘चिन्न गौंडर’ या १९९१-९२ च्या चित्रपटांतील त्यांच्या ग्रामीण आया पाहून प्रेक्षक रडले. २००२ साली पद्मश्री मिळाली. १० ऑक्टोबर २०१५ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. हसविणारी बाई रडवूही शकते, याचे लोकांना आश्चर्य वाटे. वास्तविक आश्चर्याचे कारण नव्हते. ज्या माहितीवर तिचा विनोद उभा होता तीच माहिती येथे दुसऱ्या स्वरात बोलत होती.

दूरचित्रवाणीने तिच्या या दोन स्वरांची फारकत केली. विनोदी तुकडा कापून घेताना कात्री नेमकी हशाच्या अखेरीस पडते. पुढच्या क्षणी रमामणीचा पडलेला चेहरा, बेबी अम्माचा झालेला अपेक्षाभंग, कण्णम्माने पुन्हा उचललेली भांडी, हे सारे कापणाऱ्याच्या टेबलाखाली जाते. उरते ते हसू, आणि त्या हसवाला नाव नाही, साल नाही, आधीचे नाही, नंतरचे नाही. विनोद लिहिणाऱ्याचे नाव तर आधीच गळलेले असते. अशा रीतीने विनोद करणारीचे आयुष्यही गळते. तिच्या पाठीमागून आलेल्या कोवै सरला यांच्या वाट्यालाही हेच आले. १९९५ सालच्या ‘सती लीलावती’त कमल हासन यांच्यासमोर कोंगु बोलीत त्यांनी रंगविलेली संसारी बाई मूळ चित्रपटात आपला संसार आणि मैत्रिणीचा मोडू पाहणारा संसार दोन्ही पाहात असते, तुकड्यांत ती केवळ नवऱ्याला फैलावर घेते.

असे असूनही एक गोष्ट कात्रीला साधलेली नाही. बोलीचा हेल कापता येत नाही. तो वाक्याच्या आत असतो. चार मिनिटांच्या तुकड्यातही मन्नारगुडीचा, पळ्ळत्तूरचा, मद्रासच्या गल्लीचा आवाज जशाचा तसा राहतो. ज्याला तमिळ येत नाही अशा दूरदेशीच्या माणसालाही तो आवाज ऐकून हसू येते ते शब्दांमुळे नव्हे. कोणाच्या तरी घरी राबलेल्या, कोणाचे तरी बोलणे मुकाट्याने ऐकून घेतलेल्या आणि अखेर एके दिवशी तोंड उघडलेल्या बाईचा तो आवाज त्याने आपल्याही गावी ऐकलेला असतो. मनोरमा यांनी लिहिलेले पुस्तक कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. हा आवाज हेच त्यांचे लेखन, आणि त्यावर दुसऱ्या कोणाचे नाव घालणे अद्याप कोणाला जमलेले नाही.